माझा अल्सर नक्की कुणामुळे

४ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कधी दुखलं, एवढंच. वहीसुद्धा त्यांनीच दिली. कुठल्याशा औषध कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हसणारं जठर छापलंय.

साडेसहा: ॲसिड कमी करणारी गोळी. सात: दोन ब्रेड, अर्धा कप चहा. अकरा: केळं. दीड: मऊ भात, दही. दुखणं: बारा वाजता, बरगड्यांच्या मधोमध, आतून कुणी मेणबत्ती धरल्यासारखं.

शनिवारी नळी घालून पाहिलं आणि नंतर फोटो दाखवला. जठरात व्रण आहे, करंगळीच्या नखाएवढा. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवण्यात गेल्यामुळे मला तो सरळसरळ रस्त्यातला खड्डा दिसला. "बुजेल ना?" म्हटलं. बाई म्हणाल्या, "बुजेल. पण वेळेवर जेवायचं आणि वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद. घेता का तुम्ही?"

"कधीतरी," म्हटलं. कमरेच्या पांढऱ्या गोळ्या मी त्यात धरल्या नाहीत. त्या कमरेच्या आहेत, पोटाचा त्यांच्याशी काय संबंध? आणि त्या घरात नसतातही. गाडीच्या पुढच्या कप्प्यात असतात.

व्रणाचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवलाय. दहा दिवसांनी कळेल. कुठली लक्षणं दिसली तर ताबडतोब यायचं याचा एक कागदही दिलाय. तो वहीच्या शेवटी ठेवलाय. वाचेन सावकाश.

निघता निघता बाईंनी विचारलं, "काही ताणतणाव?" मी गमतीत म्हटलं, "आहे की! संसार आहे, एक मुलगी आहे, आणि रोज दहा माणसं माझ्या जिवावर क्लच शिकतात." माझ्या शेजारी बसलेले हे बोटातली अंगठी फिरवू लागले.

६ मार्च, बुधवार

खाल्लं सगळं वेळेवर. दुखणं थोडं.

यांनी संध्याकाळी शाळेतून आल्यावर बूटसुद्धा न काढता मला खुर्चीत बसवलं. म्हणाले, "मला काहीतरी कबूल करायचंय." वहीत लिहायचं तर: साडेपाच, दुखणं, कारण नवरा.

"तू गाडी चालवतेस तेव्हा मी झोपत नाही," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"अठ्ठावीस वर्षं मी डोळे मिटून बसतो. घाबरतो मी. तुझा वेग मला सोसत नाही. तू समजलीस की मला झोप लागते, आणि मी तसंच समजू दिलं."

मी आजवर सगळ्यांना अभिमानाने सांगत आले की माझ्या हातात स्टिअरिंग असलं की आमचे हे लहान बाळासारखे झोपतात! दिवाणखान्यातल्या भिंतीवर फोटोसुद्धा आहे तसा.

"पण याचा माझ्या अल्सरशी काय संबंध?"

"अगं, घरात खोटं असलं की त्याचा ताण बाईच्या पोटाला जाणवतो," विज्ञान शिकवणारा माझा नवरा म्हणाला.

मला हसू आवरेना. हसल्यावर दुखलं, पण चालेल. रात्रीचं जेवण यांनी केलं. बटाटा उकडता येतो यांना. अठ्ठावीस वर्षांत ही दुसरी बातमी.

८ मार्च, शुक्रवार

क्लचकाकांनाही कळलं. ते निवृत्त पोस्टमास्तर, वय सदुसष्ट. लायसन्सच्या परीक्षेत चार वेळा नापास. गाडी पळो वा थांबो, क्लचवरचा पाय काढत नाहीत म्हणून हे नाव. आज गाडी बाजूला घेऊन हात जोडून बसले. "मॅडम, तुमच्या पोटात भोक मीच पाडलं. मी शिकणं सोडतो." मी म्हटलं, "काका, तुम्ही सोडलंत तर दुसरं भोक पडेल. पहिला गिअर टाका." टाकला. क्लच सोडला नाहीच.

फोनवर मोठी बहीण रडली. लहानपणी माझी बाहुली तिनेच तोडली होती म्हणे. मला ती बाहुलीही आठवत नाही, तरी मोठ्या मनाने माफ केलं. आजारपणाचे फायदे कुणी आधी सांगितले नव्हते.

९ मार्च, शनिवार

लेक आली!

बेल वाजली, दार उघडलं तर पाठीवर पिशवी, हातात कॉम्प्युटर. कळवलं नाही, काही नाही. ती नकाशे बनवते, दुसऱ्या शहरात असते. साऱ्या जगाला रस्ते दाखवते आणि स्वतः बसने फिरते, कारण तिला गाडी चालवता येत नाही. गाडी शिकवणारीच्या मुलीला! सहा वर्षांपूर्वी मी तिला शिकवायला घेतलं होतं. चौथ्या दिवशी चौकात तिने आरशात पाहिलं नाही म्हणून मी ओरडले. तिने भर रस्त्यात गाडी बंद केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिने शहर बदललं. फोन येतात, सणावारासारखे. तब्येत बरी, पाऊसपाणी बरं, ठेवते.

चहा घेताना खाली बघत म्हणाली, "आई, मला गाडी शिकायची आहे. तुझ्याकडून."

"एकदम?"

"बाबांनी फोन केला होता. तुझ्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप माझाच असणार."

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, "सोमवारी सकाळी सात वाजता. चपला नको, बूट घाल."

दिवसभर दुखलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

दोन धडे झाले. तिने अट घातली आहे: मी ओरडले की ती गाडी कडेला घेणार आणि मी पाच बिस्किटं खाऊन होईपर्यंत पुढे जाणार नाही. काल सोळा बिस्किटं झाली. (सव्वासातपासून आठपर्यंत. सोळावं निषेधाचं.) आज पाच.

हात चांगला आहे तिचा. माझाच हात. वळणावर स्टिअरिंग सोडून देते, ते मात्र बापाचं.

मध्येच म्हणाली, "आई, तू माझ्या आधी ब्रेक दाबतेस."

शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, तो कशाला असतो? तिला म्हटलं, "गरज पडली तरच दाबते." म्हणाली, "मी पाय ठेवायच्या आधीच गाडी थांबते. मला कळतच नाही की मला थांबवता येतं की नाही." काहीतरीच.

कंबर मात्र फार धरली. दुपारी गाडीत एक पांढरी.

१४ मार्च, गुरुवार

एकटीच गेले रिपोर्टला. व्रणाला कारण एक जंतू आहे! नाव दहा डब्यांच्या मालगाडीसारखं लांब. तो जठरातल्या ॲसिडातसुद्धा मजेत राहतो, बहुधा लहानपणापासून माझ्यात असेल. बाई म्हणाल्या, "ताणामुळे अल्सर होतो, हा जुना समज. ताणाने त्रास जास्त जाणवतो, एवढंच. आता चौदा दिवस अँटिबायोटिक, एकही चुकवायची नाही, आणि हा जंतू गेला की व्रण परत उलटायची भीती पुष्कळ कमी." मी दुधाचंही विचारलं, कारण हे दर दोन तासांनी पेला घेऊन समोर उभे असतात. तर म्हणे, "आवडत असेल तर प्या. ते औषध नव्हे."

म्हणजे यांचं दोन-दोन तासांचं दूध गेलं. बाहुली गेली. क्लचकाका निर्दोष.

आणि लेक निर्दोष.

घरी येताना गाडी तळ्याकाठी थांबवून बसले. सांगितलं तर ती उद्या परत जाईल. सोमवारी तिला पहिल्यांदा वर्दळीच्या रस्त्यावर न्यायचं ठरलंय. आणि काल रात्रीच्या जेवणाला तिने तिच्या ऑफिसातल्या कुणा माणसाची अशी काही नक्कल केली की यांना ठसका लागला. घरात इतका आवाज सहा वर्षांत झाला नव्हता.

नाही सांगणार. चौदा दिवस तरी नाही. गोळ्या व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत ओतल्या. कुणाला काय कळतंय!

१६ मार्च, शनिवार

नव्या गोळ्यांनी तोंडात सतत किल्ली ठेवल्यासारखी चव. बाकी ठीक.

लेक गंमतच आहे. जेवण झालं की बाटली स्वतः समोर आणून ठेवते. म्हणते, "व्हिटॅमिन घे. जेवणानंतरच घ्यायचं, आणि चौदा दिवस चुकवायचं नाही." मी म्हटलं, "चौदा का?" म्हणाली, "असंच. गोल आकडा." चौदा कुठून गोल झाला? नकाशेवाल्यांचं गणित कच्चंच.

यांचं आठवीच्या प्रश्नपत्रिकेचं काम चाललंय. मोठ्याने विचारलं, "'मानवी जठरात जगणाऱ्या जंतूचं नाव लिहा.' हा प्रश्न सोपा होईल का गं?" माझा हात थांबला. योगायोग तरी किती असावा! मी पटकन विषय बदलला, भाजीला मीठ बरोबर झालंय का विचारलं. हे म्हणाले, "एकदम बरोबर," आणि लेकीकडे पाहून हसले. हल्ली हे उगाचच हसतात.

२० मार्च, बुधवार

वर्दळीचा रस्ता, बाजार, चढ. सगळं झालं. चढावर गाडी मागे घसरली, मी तोंडावर हात ठेवून बसले, तिने सावरली. वर पोचल्यावर आम्ही दोघी वेड्यासारख्या ओरडलो. हे ओरडणं चालतं म्हणाली, बिस्किटं माफ.

कंबर फार. दोन पांढऱ्या, सकाळी चहाबरोबर, आणि दुपारी एक. पोट परत जळतंय. त्या नव्या गोळ्यांमुळेच असणार.

२२ मार्च, शुक्रवार

लिहू की नको? लिहिते, वहीच त्यासाठी आहे. सकाळी पोट साफ झालं ते डांबरासारखं काळं. परवा लेकीने काळ्या मनुका आणल्या होत्या, वाटीभर खाल्ल्या. त्यांचाच रंग. थोडं गरगरतंय. उद्या सकाळी क्लचकाकांचा धडा आहे, पाचवी परीक्षा महिन्यावर आलीय. तो झाला की झोपते.

२६ मार्च, मंगळवार, हॉस्पिटलमधून

वही लेकीने आणून दिली. सावकाश लिहायचं बजावलंय.

शनिवारी साडेनऊच्या सुमाराला आम्ही पुलावर होतो. मी काकांना तिसरा गिअर टाका म्हटलं, तो "तिसरा" मलाच लांबून ऐकू आला. घाम सुटला, हात गार पडले, समोरचा रस्ता पांढरा झाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता क्लच दाबून पुलावर उभे राहतील.

नाही राहिले. म्हणाले, "मॅडम, डोकं मागे टेका. इंडिकेटर देतोय."

त्या माणसाने मला हॉस्पिटलला नेलं. तीन किलोमीटर, ताशी वीसच्या वेगाने. मी अर्धवट शुद्धीत "चला, चला" म्हणत होते आणि ते रस्ता ओलांडणाऱ्या एकेका माणसासाठी थांबत होते. मागे हॉर्नचा बँड लागलेला. "पिवळा आहे मॅडम, थांबायलाच हवं." शेवटी दोन रुग्णवाहिकांच्या मधल्या जागेत गाडी उलटी लावली, एका दमात. चार परीक्षांत जे जमलं नाही ते.

व्रणातून रक्त गेलं होतं, म्हणून ते काळं. मनुका बिचाऱ्या निष्पाप. परत नळी घातली, रक्त थांबवलं, एक बाटली रक्त दिलं. आता बरी आहे. मघाशी सूप प्यायले, आणि त्या किल्लीच्या चवीचे चौदा दिवस आजपासून परत पहिल्यापासून सुरू झाले.

माझे कागद शोधायला काकांनी गाडीचा कप्पा उघडला. त्यात पांढऱ्या गोळ्यांची तीन रिकामी पाकिटं आणि एक अर्धं. ते सगळं त्यांनी लिफाफ्यात घालून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. मी रागावले तर म्हणाले, "पोस्टात आयुष्य गेलं मॅडम. सापडेल ते योग्य माणसाला पोचवायचं."

काल बाई आल्या तेव्हा हे आणि लेक दोघंही खोलीत होते. मी डोळ्यांनी खुणा केल्या, पण त्या कसल्या थांबतात! लिफाफा पलंगावर ओतला. "जंतू एकीकडून आणि या गोळ्या दुसरीकडून. दोघांनी मिळून पोखरलंय तुमचं पोट. आणि काळं दिसल्यावर दिवसभर थांबलात? कागद दिला होता ना?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. कागद आत्ता वाचला. पहिल्याच ओळीत आहे.

बाई गेल्यावर मी डोळे मिटले. आता विचारणार, कुठला जंतू, कधी कळलं, का लपवलंस. कुणीच विचारेना. डोळे उघडले तर हे संत्रं सोलत होते आणि लेक चादरीचा कोपरा चुरगाळत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, आठवीच्या पुस्तकात आहे तो. चित्रासकट," हे म्हणाले. "औषधांची चिठ्ठी तुझ्या पर्समधून डोकावत होती, आणि व्हिटॅमिनने कुणाच्या तोंडाला किल्लीची चव येत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी खुशीत होतीस."

मी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ओठांवर हसू. "तू सांगितलं असतंस, तर मला परत जावं लागलं असतं ना आई," ती म्हणाली. "सहा वर्षं मी यायला निमित्त शोधत होते. बाबांचा फोन आला आणि मी आधी घाबरले. मग, खरं सांगू, पिशवी भरताना गाणं म्हणत होते. नंतर वाटलं, आपण किती वाईट."

मी तिचा हात धरला. माझा सुई लावलेला हात होता, दुखला, तरी धरला. आणि मग ती गोळ्यांवरून माझ्यावर ओरडायला लागली. अगदी माझ्या आवाजात. नर्स धावत आली. मी त्या नर्सला म्हटलं, "ओरडू द्या. चांगलं ओरडते."

८ एप्रिल, सोमवार

अँटिबायोटिक संपली. ॲसिडची गोळी अजून सहा आठवडे. गाडीचा कप्पा लेक रोज तपासते, पोलिसांसारखी.

कमरेसाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाते. त्यांनी मला खुर्चीत बसवून गाडीत बसता तसं बसा म्हटलं. बसले. त्यांनी लगेच माझ्या उजव्या पायावर हात ठेवला. "हा हवेत का धरलाय?" मी पाहिलं, तर खरंच टाच अधांतरी. ब्रेकच्या वर. बावीस वर्षं रोज आठ तास मी पाय असा टांगून बसते आहे, आणि दुखते कंबर, आणि कमरेसाठी गोळी, आणि गोळीने पोट.

लेकीला सांगितलं. ती "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. खूप जोर लावून म्हणाली नाही, दिसत होतं.

आजच्या धड्याला पाय मागे घेऊन बसले. पहिल्या चौकात जीव वर-खाली झाला. दुसऱ्या चौकात तिने स्वतः ब्रेक दाबला, लोण्यासारखा. तिला थांबवता येतं.

१९ एप्रिल, शुक्रवार

क्लचकाका पास! परीक्षकाने म्हणे विचारलं, इतकी सावकाश का चालवता? काकांनी सांगितलं, "एकदा याच वेगाने माणूस वाचवलाय." संध्याकाळी पेढ्यांऐवजी डझनभर केळी घेऊन आले, माझ्या पोटाचा विचार करून.

६ मे, सोमवार

लेक पास, पहिल्याच वेळी. मी बाहेर बाकावर बसून दोन तासांत एकदाही नखं खाल्ली नाहीत. (अकरा: सफरचंद. दुखणं: नाही.)

१२ मे, रविवार

गेली. घर मोठं वाटतंय. यांनी तिच्या ताटलीत चुकून भात वाढला. मग आम्ही दोघांनी तो वाटून खाल्ला.

५ जून, बुधवार

ॲसिडची गोळी बंद करून दोन आठवडे झाले होते, म्हणून सोमवारी फुंकर मारायची तपासणी केली. पिशवीत श्वास भरायचा, बस. आज निकाल आला. जंतू गेला!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वही आता बंद केली तरी चालेल. मी म्हटलं, राहू दे, सवय झाली.

आधी यांना शाळेत फोन केला, ते वर्गात होते, मागून मुलांच्या टाळ्यांचा आवाज आला. आठवीच्या पोरांना माझ्या जठराची सगळी हकीकत ठाऊक दिसते. मग लेकीला. ती फोनवर किंचाळली. मग हसत म्हणाली, "बरी झालीस. आता मी काय निमित्ताने येऊ?"

तब्येत सांगायची सवय, बाकी बोलायची नाही. मग म्हटलं, "निमित्त कशाला? कुणाचं काही दुखत नसताना ये."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, "शनिवारी?"

८ जून, शनिवार

मैत्रिणीची गाडी घेऊन येते म्हणाली. एकटी. चार तासांचा रस्ता. हे सकाळपासून गॅलरीत. मी स्वयंपाकघरात, पण तिथून फाटक दिसतं, म्हणून.

सव्वाबाराला निळी गाडी वळली. जरा लवकर वळली. फाटकासमोर थांबवली ती वाकडी, मागचं चाक फूटपाथवर चढलेलं, एक आरसा मिटलेला. चार तास एका आरशाने आली कार्टी!

ती उतरली, गाडीकडे पाहिलं, मग वर आमच्याकडे. काहीतरी ऐकायची वाट बघत होती.

मी म्हटलं, "आलीस? हात धू. जेवायला वाढते."